पोचविण्यात आलेलं पाणी

बयाबाई कागद घेऊन माझ्यापुढं उकिडवी बसली तेव्हा तिच्या काखेत रिकामा हंडा होता. कचेरीत यायला हंडा कशाला, असं मी विचारलं. ती म्हणाली, वाटेत कुठं मिळालंच तर.

त्र्याहत्तरचा मार्च संपत आला होता. सांगलीच्या पूर्वेला, जतच्या वाटेवर, तालुक्याच्या कचेरीसमोर एक चिंच होती आणि तिच्याखाली माझी पत्र्याची पेटी. पेटीवर कागद ठेवून मी लोकांचे अर्ज लिहायचो. मूळचा मी मेढ्याकडचा. अकरा वर्षं लष्करात कारकुनी केली, सुटलो, आणि बायकोच्या गावी येऊन बसलो. शिक्षण सातवी. ज्यांचं जास्त झालंय ते कचेरीच्या आत बसतात आणि काय लिहितात ते आता सांगतोच.

बयाबाई कुरणवस्तीची. गावापासून दीड कोसावर धनगरांची तीस घरं, त्यांना कुरणवस्ती म्हणायचे. बाप्ये दिवाळीनंतर मेंढरं घेऊन पाटणच्या बाजूला उतरले होते, कोयनेच्या अंगाला थोडा हिरवा पाला मिळतो म्हणून. मागं राहिल्या बायका, म्हातारी माणसं आणि चालायला न झालेली कोकरं. वस्तीच्या आडाला गणपतीतच तळ लागला होता. महिन्याभरापूर्वी कुणीतरी शिकलेल्या माणसानं त्यांना अर्ज लिहून दिला होता की, वस्तीस पाणीपुरवठा करण्यात यावा. त्याचं उत्तर आलं होतं. तेच घेऊन ही बाई चार कोस चालत आली होती.

मी वाचलं. 'सदर वस्तीस टँकरद्वारे पाणी नियमितपणे पोचविण्यात आलेले असून सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे.'

तिला म्हटलं, तुम्हाला पाणी पोचलंय, असं कचेरी म्हणते.

बयाबाईनं हंडा उपडा केला, त्यात बघितलं, परत सरळ केला. मग म्हणाली, "कुणी पोचीवलं?"

मी कागद उलटा करून पाहिला. खरंच लिहिलेलं नव्हतं. खाली गोल शिक्का, वर जावक क्रमांक, मध्ये पाणी, आणि पाणी आणणारा माणूसच कुठं नव्हता. देवानं पाऊस पाडावा तसं कचेरीनं पाणी पोचवलं होतं.

ह्या असल्या लिहिण्याची मला चीड आहे आणि तिला कारण आहे. पासष्टच्या लढाईत आमच्या पुढं एका कालव्यावर पूल होता. वरून निरोप आला, पूल उडवण्यात आला आहे. आमच्या कंपनीला वाटलं, शेजारच्या कंपनीनं उडवला. शेजारच्या कंपनीला वाटलं, आम्ही उडवला. दोघंही निवांत. पूल जागच्या जागी उभा, आणि आम्ही चहा पीत बसलेलो. सकाळी साहेबांच्या ध्यानात आलं. निरोप उतरवून घेणारा मी होतो. साहेबांनी शिवी दिली नाही, मारलं नाही. दोनशे वेळा लिहायला लावलं : कोणी? काय? कधी? माझी मॅट्रिक ती.

नंतर एका मास्तरनं मला सांगितलं की ह्याला व्याकरणात कर्तरी आणि कर्मणी म्हणतात, आणि अर्जात तू लिहितोस ते 'चोराने बैल नेला' हे वाक्यसुद्धा आमच्या पुस्तकाप्रमाणं कर्मणीच आहे. असेना. पुस्तकाला जे नाव द्यायचं ते देऊ दे. त्यात चोर दिसतो का? दिसतो. 'बैल नेण्यात आला' ह्यात दिसतो का? बैलसुद्धा दिसत नाही, फक्त दावं दिसतं.

तर बयाबाईला मी बसवलं आणि विचारलं, टँकर येतो का. येतो, ती म्हणाली. रोज येतो. गावाच्या अलीकडं रस्त्याला फाटा आहे. डावीकडं वस्ती, उजवीकडं लिंबोणीची बाग. टँकर फाट्यावर येतो आणि उजवीकडं वळतो. बागेत विहीर आहे, तिच्यात पाणी ओततात. मग बागेचा मालक ड्रायव्हरच्या पावतीवर सही करतो. पावतीवर छापलेलंच असतं, पाणी पोचविण्यात आले. वस्तीवरच्या बायकांनी बागेत यायचं, दुपारपर्यंत रांगेत बसायचं, मालकाच्या मनात आलं तर माणशी एक हंडा. लिंबोणीला मात्र आळं भरून. ती रोज बागेच्या वरच्या उतारावर कोकरं चारायला न्यायची, आणि तिनं हे नुसतं ऐकलं नव्हतं, सहा वेळा डोळ्यांनी पाहिलं होतं. मालक स्वतः उभा राहून नळीचं तोंड विहिरीत सोडतो, हेही.

अर्ज असा पाहिजे, मी म्हटलं. मालकाचं नाव सांग.

तिनं हंडा मांडीवर घेतला. मी परत विचारलं. तिनं पदर सारखा केला आणि चिंचेच्या शेंड्याकडं बघत बसली. मला वाटलं घाबरली. मी तिला लष्करी थाटात धीर द्यायला लागलो तर ती म्हणाली, "भ्या कशाला वाटंल? नाव घेत न्हाई. आमच्या घरात बी त्येच नाव हाय."

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. कचेरीच्या कागदावर तिच्या नावापुढं नवऱ्याचं नाव होतं अर्जुना, आणि त्या बागेचा मालक अर्जुनराव, हे मी बाजारात ऐकलं होतं. नवऱ्याचं नाव बाईनं तोंडानं घेतलं की त्याचं आयुष्य तुटतं, असं त्या बाजूला मानतात, आणि आमच्या बाजूला मानत नाहीत असं सांगून मी खोटं बोलणार नाही. माझी बायको मला आजपर्यंत 'आवं' म्हणते. पण बयाबाईचं काम फार पक्कं होतं. ओढ्याकाठी अर्जुनाचं झाड आहे, त्याला ती 'वड्याचं पांढरं झाड' म्हणायची. देवळात कथा लागली की पांडव मोजताना धर्म, भीम आणि मग 'त्यो तिसरा'. नवरा लांब, पाच महिने निरोप नाही, कोयनेच्या खोऱ्यात थंडी, वाघरू, काय काय. अशात त्याचं नाव उच्चारून त्याला मारायला ती तयार नव्हती. पाण्यासाठीसुद्धा नाही.

मी म्हटलं, तू नको घेऊस, मी लिहितो. मला कुणाच्या आयुष्याची भीती नाही. लिहिलं : 'बागेचे मालक अर्जुनराव रोज वस्तीचा टँकर आपल्या विहिरीत ओततात. मी ते सहा वेळा पाहिले. ड्रायव्हरच्या पावतीवर अर्जुनराव सही करतात.' चार ओळी. बयाबाईनं अंगठा उठवला, मी स्टँप चिकटवला आणि अर्ज आत दिला.

अर्ध्या तासात आतून लालासाहेब बाहेर आला. लालासाहेब अव्वल कारकून, कऱ्हाडकडचा, म्हणजे माझ्याच जिल्ह्यातला, म्हणून मला आपला समजायचा. माणूस वाईट नव्हता. त्याला भाऊबीजेला ओवाळायला चार बहिणी होत्या आणि तो चौघींना साडी घ्यायचा. पण पेन हातात धरलं की त्याचं काहीतरी व्हायचं. तंबाखू मळत तो माझ्या पेटीवर टेकला आणि अर्ज परत माझ्या मांडीवर टाकला. म्हणाला, ह्यात माणूस आहे.

मी म्हटलं, आहेच. त्यानंच पाणी नेलंय.

"नाथाजी गड्या," लालासाहेब म्हणाला, "वाक्यात माणूस घातलास की त्याचा भाऊ उठतो, मेव्हणा उठतो, मग पुढारी उठतो. क्रियापद एकटं सोड. क्रियापदाला मेव्हणा नसतो."

आणि त्यानं स्वतःच्या अक्षरात, वळणदार, नमुना लिहून दाखवला : 'टँकर अन्यत्र रिकामा करण्यात येत असल्याचे निदर्शनास आणून देण्यात येत आहे.' मी त्याला विचारलं, ह्यात कोण ओततोय, कोण बघतोय आणि कोण सांगतोय? तो म्हणाला, तीच तर गंमत. तिघांनाही झळ नाही. वीस वर्षं मी हे लिहितोय, आजपर्यंत माझ्यामुळं एक माणूस तुरुंगात गेला नाही. मी म्हटलं, आणि एक हंडा भरला का? तर तंबाखू थुंकून आत गेला. पण एक सांगायला पाहिजे. माझा अर्ज त्यानं फाडला नाही. मी हट्ट धरला तेव्हा पुटपुटत का होईना, मामलेदाराच्या टेबलावर ठेवला.

मामलेदार नवा होता, तीन आठवड्यांचा. पोरगेलाच, पुण्याचा, घामानं सदरा पाठीला चिकटलेला. नवा असल्यामुळं त्यानं अर्ज वाचला. जुन्यानं वाचला नसता. वाचला आणि पुढच्या बुधवारी गावच्या चावडीत चौकशी लावली. अर्जदारानं हजर राहावं, साक्षीदार आणावेत.

बुधवारी मी सायकल मारत गेलो. माझं तिथं काही काम नव्हतं, पण अर्ज माझा होता. चावडीत मामलेदार खुर्चीवर, शेजारी लालासाहेब जबाब लिहायला, त्याच्या कडेला मी, भिंतीकडेनं गावातले बाप्ये, आणि दाराबाहेर कुरणवस्तीच्या बायका हंडे मांडून बसलेल्या. चौकशी संपल्यावर बागेत रांग धरायची होती, म्हणून हंडे. टँकरचा ड्रायव्हर सिद्धू खांबाला टेकून नखं खात उभा होता.

अर्जुनराव आला नव्हता. सांगलीला दाव्याच्या तारखेला गेलाय म्हणाले. त्याच्याऐवजी थोरला भाऊ मानसिंगराव आला होता. ते पाच भाऊ, बाग पाचांची, विहीर पाचांची. मानसिंगराव धिप्पाड, पांढराशुभ्र, हातात दोन लिंबं. एक मामलेदारासमोर ठेवलं, सरबतासाठी म्हणून. मामलेदारानं ते कडेला सरकवलं. मला तेवढ्यात जरा बरं वाटलं.

मानसिंगरावानं सुरुवातीलाच सांगितलं की, बाईला लिहिता वाचता येत नाही. नाव त्या चिंचेखालच्या अर्जवाल्यानं घुसडलंय. कुणाचं तरी नाव घालायचं, खळबळ करायची आणि पुढच्या अर्जाला गिऱ्हाईक मिळवायचं. माझ्याकडं बघत बोलला हे बरं, पाठीमागं बोलला असता तर मला राग आला असता. मामलेदारानं मला गप्प बसायला सांगितलं. ते बरोबरच होतं. कायदा असा की, जबाब ज्याचा त्याच्या तोंडून आला पाहिजे, आणि अर्जदाराच्या जबाबात नाव आल्याशिवाय दुसऱ्या कुणाला विचारता येत नाही.

मग बयाबाईला पुढं बोलावलं. तिनं सगळं सांगितलं. फाटा, उजवं वळण, विहीर, नळी, पावती. सहाही दिवस सांगितले, कुठल्या दिवशी अमावस्या होती आणि कुठल्या दिवशी कोणतं कोकरू मेलं त्यावरून. सिद्धूनं मान खाली घातली. लालासाहेब लिहीत होता. मामलेदारानं विचारलं, नळी विहिरीत कोण सोडतं?

"मालक सोडत्यात."

मानसिंगराव हसला. म्हणाला, साहेब, मालक आम्ही पाच. पाचांनी मिळून नळी धरली का, ते विचारा.

मामलेदारानं नाव विचारलं. बयाबाईनं खाली बघितलं. मामलेदारानं परत विचारलं, आवाज जरा चढवून. त्या बिचाऱ्याला वाटलं, बाई खोटं बोलतेय. मी उठून सांगायला लागलो तर लालासाहेबानं माझ्या पायावर पाय दिला. मानसिंगरावाला सगळं ठाऊक होतं. आख्ख्या गावाला ठाऊक होतं, अर्जुनाच्या बायकोच्या तोंडून ते नाव येत नाही म्हणून. अर्जुनरावही त्याचमुळं बिनघोर सांगलीला गेला होता.

बयाबाईनं बराच विचार केला. मग म्हणाली, "पांडवातला तिसरा."

चावडी हसली. लालासाहेबानं पेन थांबवून विचारलं, पांडवांचा राहण्याचा पत्ता काय लिहू. पण मामलेदाराला कळलं, पुण्याचा असला तरी. तो पुढं वाकला. आणि तेवढ्यात मानसिंगराव शांतपणे म्हणाला, "आमच्यातला तिसरा आकाराम. त्यो चार वर्सं झाली मिलिटरीत हाय. त्येनं तिकडनं नळी सोडली आसंल तर सोडली आसंल."

आता बाप्ये मिशा पुसत हसले. मामलेदारानं कपाळ पुसलं. तो बयाबाईला म्हणाला, आणि चांगल्या सुरात म्हणाला, की बाई, मला समजतंय. पण नावाशिवाय मी कुणाला हात लावू शकत नाही. नाव नाही आलं तर हा कागद बंद होणार आणि टँकर आहे तसा चालू राहणार. लालासाहेबानं तोवर पुढची ओळ लिहूनसुद्धा ठेवली होती. मी खांद्यावरून वाचली : 'अर्जदाराकडून नाव सांगण्याचे टाळण्यात आले.' बघा कशी आहे ओळ. ह्यात अर्जदार लगेच आला. पाणी नेणाऱ्याला लपवायला जागा, आणि न बोलणारीला बरोबर पकडून उभं केलं.

बयाबाई तिथंच उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही. एवढंच दिसलं की ती एकदा बाहेरच्या हंड्यांकडं बघत होती आणि एकदा पश्चिमेकडं, जिकडं मेंढरं गेली होती. तिला कुणीतरी एक निवडायला लावलं होतं. आणि तिच्या जागी मी असतो तर काय निवडलं असतं, हे मी अजून ठरवतोय.

तेव्हा दाराबाहेरून शालूबाई आत आली. शालूबाई बयाबाईची सासू, अर्जुनाची आई. वाकलेली, काठी टेकत. बाप्यांच्या बैठकीत आली म्हणून दोघातिघांनी कुरकुर केली. तिनं काठी लालासाहेबाच्या टेबलाला टेकवून ठेवली, जणू टेबल त्यासाठीच होतं, आणि मामलेदाराला म्हणाली की, लेकरा, तुला इचारता येत न्हाई.

मामलेदारानं विचारलं, म्हणजे कसं?

"नाव सांग, नाव सांग, करतोयस. चोराला इचारल्यागत. बाईमाणसाला आसं न्हाई म्हनत. नाव घे म्हनत्यात."

आधी मला अर्थ लागला नाही. मग बाहेरच्या बायकांत खसखस पिकली, आणि लागला. लग्नात, डोहाळजेवणात, पानसुपारीला बायका नव्या नवरीला अडवतात ना, घरात सोडायच्या आधी, नाव घे म्हणून. तिथं उखाण्यात नवऱ्याचं नाव घेतलं तर चालतं. तिथं आयुष्य तुटत नाही, उलट वाढतं म्हणतात. नवऱ्याचं नाव तोंडात आणायला बाईला आख्ख्या जन्मात एवढीच वाट मोकळी. आणि ती शालूबाईनं चावडीतून काढली होती.

मामलेदार लाजला. कागदपत्रात कुठं असलं शिकवलेलं नव्हतं. लालासाहेब म्हणाला, साहेब, हे नियमात बसत नाही. मामलेदारानं विचारलं, कुठल्या नियमात? लालासाहेबाला नियम आठवेना. तेव्हा मामलेदार खुर्चीवरून उठला, कशाला उठला कोण जाणे, आणि अगदी हळू म्हणाला, "नाव घ्या, बाई."

बाहेरच्या बायका एका सुरात म्हणायला लागल्या, घे गं, घे की, लाजतीस कशाला. दुष्काळात पहिल्यांदाच मी त्या वस्तीच्या बायकांचा असा आवाज ऐकला. बयाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, लग्नात ओढतात तसा. दातात पदराचं टोक धरलं, सोडलं. आणि खणखणीत म्हणाली :

"पाच कोसांवनं पानी आलं, वळलं लिंबोणीच्या बागंत,
अर्जुनरावांनी हिरीत वतलं, आन् आमी हंडं घिऊन रांगंत."

सिद्धू ड्रायव्हर खांबाला धरून खाली बसला.

मानसिंगरावानं धोतर सावरलं. मग तो उठला, आणि मान्य करायला पाहिजे, डोकं त्याचं चांगलं होतं. म्हणाला, साहेब, उखाण्यात बाई नवऱ्याचं नाव घेते. हिच्या नवऱ्याचं नाव अर्जुना. उखाण्यात अर्जुनराव म्हणजे हिचा मालक. तेव्हा हिच्या मालकानं पाणी नेलं, असं लिहून घ्या आणि आम्हाला जाऊ द्या.

लालासाहेबाचं पेन उचललं गेलं होतं. त्याला हे पटण्यासारखं वाटलं, कारण त्यात कचेरीला त्रास नव्हता. मामलेदारानं बयाबाईकडं पाहिलं. तिचा पदर आता मागं गेला होता. ती मानसिंगरावाच्या तोंडाकडं सरळ बघत म्हणाली :

"आमच्या मालकाला हीर आसती, तर मी हितं कशाला आली आस्ते?"

मानसिंगरावानं टेबलावरचं लिंबू परत उचललं. मामलेदारानं सिद्धूला हाक मारली. सिद्धूला उखाणा लागला नाही. नळी कोण धरतं असं विचारल्याबरोबर तो म्हणाला, अर्जुनराव धरत्यात, पावती बी तेच करत्यात, मी न्हाई म्हटलं तर गाडी जाळतो म्हनाले. एका दमात. पंधरा दिवस त्याच्या तोंडात तेच अडकलेलं असणार.

मामलेदार म्हणाला, बाईचा जबाब शब्दाला शब्द लिहा. लालासाहेबानं लिहिला आणि वाचून दाखवला : 'पाच कोसांवरून पाणी आणण्यात आले व लिंबोणीच्या बागेत वळविण्यात येऊन अर्जुनराव यांचेकडून विहिरीत ओतण्यात आले.' त्या माणसाच्या हातून दुसरं काही होईचना. शालूबाईनं ऐकलं आणि काठी उचलली. म्हणाली, ह्ये जुळत न्हाई. बाकीच्या बायकापण म्हणाल्या, जुळत नाही. लालासाहेब मामलेदाराकडं बघायला लागला, मामलेदार खिडकीतून बाहेर. शेवटी लालासाहेबानं ओळ खोडली आणि उखाणा होता तसा, बागंत-रांगंत सकट, सरकारी कागदावर उतरवला. वीस वर्षांत त्यानं लिहिलेलं ते पहिलं वाक्य, ज्यात कुणीतरी काहीतरी केलं होतं. घाम आला त्याला. खोटं सांगत नाही, रुमाल काढला.

मग हुकूम. मामलेदारानं सांगितलं, लालासाहेबानं लिहिलं, उद्यापासून टँकर कुरणवस्तीवर नेण्यात यावा. वाचून झालं. सगळे उठायला लागले. बयाबाई उठली नाही. मी तिच्याकडं बघितलं आणि तिच्या तोंडातून काय येणार ते मला आधीच कळलं.

"कुणी?" ती म्हणाली.

मामलेदार थांबला. त्यानं लालासाहेबाच्या हातातून पेन घेतलं, कागद ओढला आणि स्वतः लिहिलं. अक्षर वाईट होतं. 'ड्रायव्हर सिद्धू याने रोज सकाळी टँकर कुरणवस्तीवर न्यावा. पाणी मिळाले की बयाबाईने पावतीवर अंगठा द्यावा. तिचा अंगठा नसेल तर त्या फेरीचा जाब सिद्धूने मला द्यावा.' खाली सही केली. शिक्का मारायला विसरला.

अर्जुनरावाचं पुढं काय झालं? फार काही नाही. दंड झाला म्हणतात, मेव्हणा उठला म्हणतात. मी खोटी गोष्ट सांगायला बसलेलो नाही. पण टँकर एक दिवस उशिरानं, शुक्रवारी वस्तीवर आला. गळका होता, निम्मा रस्त्यात सांडला, तरी आला. सिद्धूनं उतरल्या उतरल्या अंगठ्यासाठी पावती पुढं केली. बयाबाईनं आधी सगळ्यांचे हंडे भरून घेतले, मग कोकरांची काथवट, मग शालूबाईची घागर, आणि शेवटी ओल्या हातानं अंगठा दिला. शाई पसरली. ती पसरलेली पावतीच पुढं कचेरीत पास झाली.

आषाढात चार सरी पडल्या आणि मेंढरं परत आली. सोबत अर्जुनाही. धडधाकट, दाढी वाढलेली, सात मेंढरं कमी. एका बाजाराच्या दिवशी तो माझ्या चिंचेखाली आला. बराच वेळ तंबाखू मळत उभा राहिला. त्याला वस्तीवर कळलं होतं, पण बयाबाई परत म्हणून दाखवायला तयार नव्हती. एकदा झालं, ती म्हणाली होती. कागदात आहे म्हणतात, तो वाचून मिळेल का, असं त्यानं मला विचारलं.

मी अर्ज केला, आतून जबाब मिळाला, त्याला वाचून दाखवला. तो खाली बसून ऐकत होता. म्हणाला, परत वाचा. वाचलं.

"माझं नाव हाय न्हवं त्यात?"

मी म्हटलं, नाव तुझं आहे, काम दुसऱ्याचं आहे. त्याला त्याचं काही वाटलं नाही. लगीन झालं तेव्हा वाजंत्र्याच्या आवाजात आपल्याला तिचा उखाणा ऐकूच आला नव्हता, असं तो म्हणाला. मग त्यानं नक्कल मागितली. नकलेला स्टँप लागतो, दिवस लागतात, सगळं मी सांगितलं. तो म्हणाला, बसतो.

दुपारी लालासाहेबानं नक्कल आणून दिली. अर्जुनानं ती चौघडी करून पटक्यात खोचली आणि गेला. माझ्या वहीत पोच म्हणून लालासाहेबानं स्वतःच्या हातानं ओळ लिहिली, सवयीनं, मान वर न करता : 'नक्कल देण्यात आली.'

मी वही बंद केली. आता ह्याला कोण सुधारणार?